रानातल्या जागेवर घर: झाडांना हात लावण्यापूर्वीचा हिशेब

कोकणातल्या वडिलोपार्जित जागेवर घर बांधायला निघालेली मंडळी चिरा, सिमेंट, लोखंड आणि मजुरी यांचे दर बारकाईने विचारतात. त्याच जागेवर पंचवीस-तीस वर्षे माजलेले रान मात्र ‘साफसफाई’ या एका शब्दात आणि अंदाजाने टाकलेल्या एका आकड्यात उरकतात. राजापूर तालुक्यातल्या आमच्या जागेसाठी मी ठेकेदारांकडून दरपत्रके मागवली, तेव्हा बांधकामाच्या दरांत उन्नीस-बीसच फरक होता, पण साफसफाईच्या रकमा एकमेकींशी मुळीच जुळत नव्हत्या. चौकशी केल्यावर कारण कळले. एकाने झाडे जमिनीलगत कापण्यापुरतीच रक्कम धरली होती, दुसऱ्याने बुडखे उपटणे त्यात घेतले होते, तिसऱ्याने फांद्या आणि माती वाहून नेण्यासह सगळे धरले होते. परवानग्यांचा उल्लेख कोणाच्याच कागदावर नव्हता. प्रत्यक्ष तोड हा या कामाचा सर्वांत स्वस्त भाग आहे. पैसा आणि वेळ जातो तो तोडीच्या आधी आणि तोडीच्या नंतर, आणि म्हणूनच घराचा नकाशा काढण्यापूर्वी झाडांचा नकाशा काढावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वांत आधी जागा कागदावर काय आहे ते पाहावे लागते, कारण येथे अडचण निघाली तर पुढचे सगळे अंदाजपत्रक निरर्थक ठरते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात राखीव वन, खाजगी वन किंवा वनसंज्ञा अशी नोंद आहे का, हे पाहावे, आणि केवळ चालू उताऱ्यावर न थांबता जुने फेरफारही काढावेत. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमानुसार ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यातली खाजगी वने सरकारकडे निहित झाली आणि त्या नोंदी अनेक गटांवर कित्येक वर्षांनी चढल्या. ज्यांच्या जमिनीवर अशी नोंद केवळ भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ च्या जुन्या नोटिशीच्या आधारे आली, त्यांच्या दृष्टीने गोदरेज अँड बॉइस प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल महत्त्वाचा आहे. नोटीस नुसती काढली जाणे पुरेसे नाही, ती मालकाला बजावली गेलेली असली पाहिजे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. पण निकाल असला म्हणून सातबारा आपोआप दुरुस्त होत नाही. ती दुरुस्ती हे स्वतंत्र काम आहे आणि त्याला घराच्या वेळापत्रकात बसवण्याचा प्रयत्न करू नये. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशापासून ‘वन’ हा शब्द केवळ सरकारी मालकीच्या जंगलापुरता राहिलेला नाही. सरकार दफ्तरी वन म्हणून नोंद असलेली जमीन, मालक कोणीही असो, १९८० च्या वन संवर्धन कायद्याच्या कक्षेत येते, आणि मग वनेतर वापरासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांत जागा असेल तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेथील वृक्षतोडीवर घातलेली बंदी आधी समजून घ्यावी.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राविषयी गावागावांत जे गैरसमज आहेत त्यांबद्दल थोडेसे. २०१४ पासून केंद्राने ते क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे मसुदे पुन्हा पुन्हा प्रसिद्ध केले, ३१ जुलै २०२४ रोजीही एक निघाला. त्यातली बांधकामाची बंदी २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. आपले गाव यादीत आहे म्हणून राहते घर बांधताच येणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

आता झाडांच्या परवानगीकडे वळू. ग्रामीण भागाला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो, आणि या कायद्याला अनुसूची जोडलेली आहे. साग, चंदन, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, जांभूळ, आंबा, फणस, बिजा, हळदू, तिवस, अंजन आणि खारफुटी ही त्या अनुसूचीतली झाडे. आपल्या मालकीच्या जमिनीवरचे, आपल्याच आजोबांनी लावलेले आंब्याचे झाडदेखील वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे शहरातून येणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. उलट ऑस्ट्रेलियन अकेशिया, निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प ही आयात झाडे अनुसूचीत नाहीत, आणि पडीक ठेवलेल्या बऱ्याच जागांवर संख्येने तीच अधिक असतात. बांबूचे कोडेही सुटलेले आहे: २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत बांबू ‘झाड’ राहिलेला नाही, त्यामुळे खाजगी जागेतल्या माणगा बांबूच्या बेटासाठी पूर्वीसारखी धावपळ करावी लागत नाही. जागा नगरपरिषद किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत असेल तर १९७५ चा नागरी वृक्ष जतन कायदा लागतो. त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष मानले जाते, आणि झाड तोडायचे तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. चाळीस वर्षांचा एक फणस म्हणजे चाळीस रोपे, त्यांची जागा, कुंपण आणि उन्हाळ्यातले पाणी. हा खर्च अंदाजपत्रकात लिहिल्याखेरीज त्या फणसाची खरी किंमत कळत नाही.

कोकणात आणखी एक गुंता असतो आणि तो कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही. सातबारा सामायिक असतो, त्यावर दहा-वीस नावे असतात, त्यांतली काही मुंबईत, काही बडोद्याला आणि काही हयात नसलेली. तोडीच्या अर्जाला सहहिस्सेदारांची संमती लागते. त्यातही जमीन आपल्या वाट्याची पण त्यावरचे रायवळ आंब्याचे झाड चुलत घराण्याचे, अशी जुनी वाटणी असू शकते. तिचा कागद नसतो, परंतु दर मे महिन्यात त्या झाडाचे आंबे कोण उतरवतो, हे सगळ्या वाडीला माहीत असते. मोठे झाड पाडण्याआधी गाऱ्हाणे घालण्याची, म्हणजे नारळ ठेवून देवाला साकडे घालण्याची, रीत आमच्या वाडीत आहे. श्रद्धा असो वा नसो, त्या निमित्ताने वाडीतली जाणती माणसे एकत्र जमतात आणि झाडाच्या मालकीचा प्रश्न असेल तर तो तिथेच तोंडी मिटतो. नारळाचा खर्च अंदाजपत्रकाला पेलतो.

हे सगळे कागदावर चालू असताना जमिनीवर फक्त बेणणी करावी. घाणेरी, रानमोडी, करवंदीच्या जाळ्या आणि वेली कोयत्याने साफ केल्यावरच गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, कुठून कुठे जातो ते दिसते आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीदाराला उपकरण लावता येते. येथे पुष्कळ जण जेसीबी बोलावून एका दिवसात सगळे मोकळे करून घेतात. ते मला पटत नाही. हद्द कायम होण्याआधी यंत्र फिरवले की जुना गडगा आणि हद्दीचे दगड पहिल्यांदा जातात, शेजाऱ्याची चार कलमेही जातात, आणि मग वाचवलेल्या मजुरीच्या कित्येक पटीने रक्कम भांडणात घालावी लागते. बेणणीला गडी लावावेत, मोजणीच्या रेषेपुरता पट्टा आणि आत शिरायला वाट एवढेच आधी उघडावे, आणि मोजणी होऊन तिच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्यावरच पुढे सरकावे.

त्यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते: झाडांची नोंदवही. छातीच्या उंचीवर एक फुटापेक्षा जास्त घेर असलेल्या प्रत्येक झाडाला चुन्याने क्रमांक घालावा, आणि वहीत त्याची जात, घेर, अंदाजे उंची, कल कोणत्या बाजूला आहे, बुंधा पोकळ आहे का, आणि ते हद्दीपासून व वीजवाहिनीपासून किती अंतरावर आहे, हे लिहावे. मग मोजणीच्या नकाशावर हे क्रमांक बसवून तो कागद वास्तुरचनाकाराच्या हाती द्यावा, आणि घराचा आराखडा त्यानंतर मागावा. आमच्या बाबतीत घर मूळच्या कल्पनेपेक्षा थोडेसे पूर्वेकडे सरकवून आणि स्वयंपाकघराची बाजू बदलून दोन जुने फणस आणि एक किंजळ वाचले. पश्चिमेचे ऊन अडवणारी झाडे आयती मिळाली, हा फायदा आहेच. पण निव्वळ पैशांच्या भाषेत पाहिले तरी तीन अर्ज, तीन पाडकामे आणि तीन अवाढव्य बुडखे काढण्याचा खर्च कमी झाला. वाचवलेल्या झाडांचाही खर्च असतो, तो विसरू नये. फांद्यांचा पसारा जिथवर सावली टाकतो तिथवर यंत्र फिरवायचे नाही, चिऱ्यांचा थर लावायचा नाही, खोदलेली माती बुंध्याशी ओतायची नाही, यासाठी बांबूचे कुंपण उभे करावे लागते. मुळांवर दोन फूट भराव पडलेला आंबा लगेच मरत नाही. तो हळूहळू वाळत जातो आणि घर बांधून झाल्यावर, म्हणजे तो पाडणे सर्वांत अवघड झालेले असते तेव्हा, धोकादायक होतो.

तोडलेल्या लाकडातून साफसफाईचा खर्च भागेल, ही आशा जवळजवळ प्रत्येक जागामालकाला असते. व्यापारी येतो, रानावरून नजर फिरवतो आणि सगळ्याचा मिळून एक उक्ता आकडा सांगतो. तो स्वीकारण्याआधी निदान इमारती लाकडाचा हिशेब स्वतः करावा. बाजारात गोल लाकूड चौथाई घेराच्या पद्धतीने मोजतात: ओंडक्याच्या मधल्या घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. ४८ इंच घेराचा आणि १० फूट लांबीचा ओंडका या रीतीने १० घनफूट भरतो, कारण चौथा हिस्सा १२ इंच, म्हणजे एक फूट. तोच ओंडका भूमितीच्या नियमाने मोजला तर सुमारे १२.७ घनफूट होतो. म्हणजे सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड मोजमापाच्या पद्धतीतच वगळले जाते. त्यात लबाडी नाही, चिराईत आणि सालीत जाणारी घट त्यात धरलेली असते. पण मग व्यापाऱ्याने पुन्हा ‘सालीची सूट’ वेगळी मागितली, तर त्याला नाही म्हणण्यासाठी हे गणित ठाऊक असावे लागते. अनुसूचीतल्या झाडांचे लाकूड वाहून न्यायचे तर वन विभागाची तपासणी, हातोड्याचा शिक्का आणि वाहतूक परवाना हे सोपस्कार आहेत, आणि ते कोणी करायचे याचा उल्लेख सौद्यातच असला पाहिजे. बाकी अकेशिया आणि किरकोळ जळाऊ लाकूड यांतून हाती पडते ते फारसे नसते. माझ्या अंदाजपत्रकात लाकडाची जमा बाजू मी शून्य धरली होती. काही आले तर वाहतुकीला उपयोगी पडेल, एवढाच विचार त्यामागे होता. स्वतःच्या दारे-खिडक्यांसाठी फणस किंवा साग ठेवून घ्यायचा असेल तर चिराई करून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत वाळवायला जागा आणि बराच काळ लागतो, आणि तेही नियोजनातच यायला हवे.

प्रत्यक्ष तोडीबद्दल मी दोनच गोष्टी सांगेन. वीजवाहिनीजवळचे झाड महावितरणला कळवून, प्रवाह बंद करून घेऊनच पाडावे. आणि माणसांच्या सुरक्षेची रक्कम वेगळी लिहावी: यंत्रकरवत चालवणाऱ्याला शिरस्त्राण, गमबूट, मोठ्या झाडासाठी दोर आणि जादा माणसे, व ठेकेदाराने मजुरांचा विमा उतरवला आहे का याची खात्री. झुडपांत आणि दगडांच्या फटींत फुरसे असते, रत्नागिरी जिल्ह्यात ते दुर्मीळ नाही. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस उपलब्ध आहे हे काम सुरू होण्याआधी विचारून ठेवावे. बिब्ब्याचे झाड ओळखणारा माणूस टोळीत असावा, नाहीतर त्याच्या चिकाने अंगावर फोड येऊन निम्मी टोळी घरी बसते. आग्या मोहोळ असलेले झाड दिसले तर ते क्रमाने सर्वांत शेवटी घ्यावे.

बुडख्यांपाशी अंदाजपत्रकाची खरी परीक्षा होते. झाड कापणारा त्याचे पैसे घेऊन जातो आणि जमिनीत मुळांचा पसारा तसाच राहतो. पायाखाली किंवा जोत्याच्या आत बुडखा सोडणे कोकणात परवडत नाही. कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळी राहते, फरशी खचते, आणि वाळवीला घरात शिरण्याचा तयार रस्ता मिळतो. पायाच्या खड्ड्यांत आणि जोत्याखालच्या भरावावर वाळवी-प्रतिबंधक फवारणी करण्याची पद्धत आयएस ६३१३ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात दिलेली आहे, परंतु जमिनीत लाकूड शिल्लक ठेवून वर औषध मारण्यात अर्थ नाही. म्हणून घराचा ठसा, म्हणजे घर व्यापणार ती जमीन, आणि त्याभोवतीची काम करण्याची जागा एवढ्या भागातले बुडखे मुळांसकट काढावेत. बागेच्या किंवा कुंपणाच्या बाजूचे जमिनीलगत कापून सोडले तरी चालतात, उताराच्या कडेला तर ते सोडलेलेच बरे, कारण माती धरून ठेवण्याचे काम त्यांची मुळे आणखी काही पावसाळे करतात. ही विभागणी नकाशावर रंगाने दाखवली की यंत्राचे तास एकदम कमी होतात.

यंत्राचा दर तासावर असतो आणि तासाची व्याख्या आधी ठरवून घ्यावी लागते: मीटर यंत्र त्याच्या ठिकाणाहून निघाल्यापासून धरायचा की जागेवर पोचल्यावर, कमीत कमी किती तासांचे पैसे द्यावे लागतील, आणि जांभा कातळ लागून ब्रेकर जोडावा लागला तर त्याचा दर किती. जांभ्याच्या फटीत मुळे घुसलेला जुना आंबा किंवा ऐन जेसीबीला दाद देत नाही. त्याला पोकलेन लागतो, आणि पोकलेन ट्रेलरवर आणावा लागतो, म्हणजे पाणंद त्या रुंदीची आहे का हा प्रश्न उभा राहतो. नोंदवहीत घेरानुसार तीन गट पाडून प्रत्येक गटातल्या एखाद्या बुडख्यावर यंत्राला किती वेळ लागतो हे पहिल्या दिवशी घड्याळ लावून पाहावे आणि उरलेल्या कामाचा अंदाज त्यावरून दुरुस्त करावा. ठेकेदाराच्या अनुभवी अंदाजापेक्षा हा आकडा अधिक विश्वासार्ह निघतो.

मातीचा हिशेब तर लोक करतच नाहीत. समजा घराचा ठसा ३० बाय ५० फूट आहे आणि भोवती ५ फूट मोकळे हवे आहेत, तर ४० बाय ६०, म्हणजे २,४०० चौरस फुटांवरची पालापाचोळ्याची वरची सहा इंच माती काढावी लागेल. ती १,२०० घनफूट, म्हणजे १२ ब्रास होते, आणि खणल्यावर फुगून पंधरा ब्रासच्या आसपास जाते. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर पंधरा खेपा झाल्या, आणि यात बुडख्यांबरोबर निघणारी माती नाही. ही माती बाहेर पाठवू नये. एक तर कातळाच्या मुलखात तीच सर्वांत मौल्यवान वस्तू आहे. जागेच्या एका कोपऱ्यात ढीग करून झाकून ठेवली तर पुढे बागेला विकत माती आणावी लागत नाही. दुसरे म्हणजे माती आणि मुरूम ही गौण खनिजे आहेत, जागेबाहेर न्यायची तर तहसीलदार कार्यालयाची परवानगी आणि स्वामित्वधन लागते. पायासाठी खोदलेली माती त्याच भूखंडावर वापरली तर ते लागू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये घेतलेली आहे.

फांद्या आणि झाडोरा पेटवून देण्याचा मोह आवरावा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत वाळलेले असते, वारा फिरतो, आणि एका ढिगाचा वणवा होऊन शेजारच्या काजूच्या बागा जातात. आंब्याचा मोहोर असताना धूर आणि झळ हीदेखील तक्रारीची बाब होते. वाडीत अजून भातशेती करणारे असतील तर भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजण्यासाठी, त्यांना कवळ (तोडलेल्या पानाळ फांद्या) आणि पातेरा (वाळका पाला) हवा असतो. त्यांना सांगावे, ते स्वतः तोडून नेतात. जाड फांद्या सरपणाला जातात. उरलेले बारीक करून उघड्या पडलेल्या उतारावर पसरावे.

वेळापत्रक पावसाभोवतीच आखावे लागते. दिवाळीनंतर बेणणी आणि मोजणी, त्याच हंगामात नोंदवही आणि अर्ज, परवानगी हाती आल्यावर तोड, आणि मार्च-एप्रिलपर्यंत बुडखे. कागदांना विलंब झाला तर तोड पुढच्या दिवाळीनंतर ढकलावी, मे महिन्यात घाईने जमीन उघडी करू नये. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात नुकतीच खणलेली उताराची जमीन जुलैपर्यंत शेजाऱ्याच्या भातात उतरलेली असते. पैशांच्या बाबतीत मी कामाचे पाच स्वतंत्र करार केले: बेणणी, तोड, बुडखे व सपाटी, वाहतूक, आणि पावसाच्या पाण्यासाठी चर खणणे, आणि एकूण अंदाजाच्या पाचव्या हिश्श्याइतकी रक्कम अनपेक्षित बाबींसाठी बाजूला ठेवली, जी कातळाने आणि ट्रेलरच्या भाड्याने बहुतेक खाल्ली. सपाटी करणाऱ्याचा शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतर द्यायचा, असे करारात लिहिले होते. बुडख्यांचे खड्डे त्याने थराथराने मुरूम घालून, पाणी मारून, धुमसून भरले आहेत की नुसती माती ढकलली आहे, हे श्रावणापर्यंत जमीनच दाखवते. आमच्याकडे दोन खड्डे खचले, ते त्याने त्याच दरात पुन्हा भरून दिले आणि उरलेली रक्कम घेऊन गेला.